एएसक्यू-३ प्रश्नावली: जोखमीच्या बाळासाठी बिनगुणांचं पान जास्त मोलाचं

‘एजेस अँड स्टेजेस’ ही बाळाच्या विकासाची प्राथमिक चाचपणी करणारी, पालकांनी भरायची प्रश्नावली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे एएसक्यू-३ मध्ये, तीस प्रश्नांना गुण आहेत आणि शेवटच्या प्रश्नांना एकही नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, जन्मताना गुदमरलेलं असेल किंवा त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर हे बिनगुणांचे प्रश्नच सगळ्यात जास्त सांगून जातात. घाईत कोरे राहतात तेही हेच.

आधी रचना. ही आवृत्ती २००९ सालची. १ ते ६६ महिन्यांसाठी २१ वेगवेगळ्या प्रश्नावल्या. प्रत्येकीत संवाद, मोठ्या हालचाली, हाता-बोटांच्या बारीक हालचाली, अडचण सोडवणं आणि वैयक्तिक-सामाजिक असे पाच विभाग, प्रत्येकात सहा प्रश्न. ‘होय’ला १०, ‘कधीकधी’ला ५, ‘अजून नाही’ला शून्य, विभागाचे जास्तीत जास्त ६०. भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण ती बाळ जागं, पोट भरलेलं आणि खुशीत असतानाची. दवाखान्याच्या बाकावर, लस टोचल्यानंतर भरलेला कागद फारसा भरवशाचा नसतो.

सगळ्यात मोठी चूक पहिलं उत्तर लिहिण्याआधीच होते: प्रश्नावलीच चुकीच्या वयाची निवडली जाते. बाळ तीन आठवडे किंवा त्याहून जास्त आधी जन्मलेलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरायचं, म्हणजे पूर्ण चाळीस आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके वयातून वजा करायचे. समजा, २८ आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज नऊ महिन्यांचं आहे. चाळीसातून अठ्ठावीस वजा केले की बारा आठवडे राहतात. ते नऊ महिन्यांतून काढले की सहा महिने आणि थोडे दिवस उरतात, म्हणून सहा महिन्यांची प्रश्नावली. नऊ महिन्यांची हातात पडली तर ओळीने ‘अजून नाही’ येतात आणि घरात विनाकारण घबराट होते. उलटही घडतं. संगणकाने वय आधीच सुधारलेलं असतं आणि भरणारा ते पुन्हा वजा करतो. मग सोप्या प्रश्नांवर बाळ हसतखेळत पास होतं आणि खरा विलंब झाकला जातो. जन्मतारीख आणि किती आठवडे आधी जन्म झाला, हे दोन्ही आकडे कागदावर स्वच्छ लिहा.

पालकांचं यावरचं मत सरसकट वाईट नाही. बाळात नेमकं काय पाहायचं ते कळलं, आपल्या निरीक्षणाला किंमत मिळाली, ही दाद नेहमी मिळते. तक्रार वेगळी असते: प्रत्येक ‘अजून नाही’ हा आपल्यावरचा शेरा वाटतो. खरं तर प्रश्नावली बाळाला सगळं येतंय अशा अपेक्षेने बनवलेलीच नाही. थोडे पुढचे प्रश्न त्यात मुद्दाम असतात. हे आधी सांगितलं जात नाही, हा दोष कागद हातात देणाऱ्यांचा.

उत्तरं कुठे घसरतात? करून न पाहता ‘अजून नाही’ लिहिणं हे एक. आरसा दाखवलाच नाही, जिना चढवून पाहिलाच नाही, तर आधी करून पाहा आणि मग लिहा. दुसरं, फिजिओथेरपीत आधार देऊन बसवलेलं बाळ ‘बसतं’ म्हणून मोजणं. प्रश्नात ‘आधाराशिवाय’ असेल तर त्या शब्दाला चिकटून राहा. तिसरं, चालायला लागलेलं बाळ आता रांगत नाही म्हणून रांगण्याला शून्य देणं. जमत असलेली गोष्ट बाळाने सोडून दिली असेल, तर ते ‘होय’च. मात्र आधी येणारी गोष्ट आता जमतच नसेल, तर तो गुणांचा प्रश्न नाही, तातडीने डॉक्टरांना दाखवण्याचा आहे. दिवसभर बाळ सांभाळणारी आजी किंवा मावशी वेगळी असेल, तर तिला शेजारी बसवून भरा.

एखादा प्रश्न सुटला तर त्या जागी शून्य मांडू नये. उत्तर दिलेल्या पाच प्रश्नांचे ४५ गुण असतील तर सरासरी ९ येते. ती मिळवून ५४ धरायचे. विभागात दोनपेक्षा जास्त प्रश्न सुटले, तर त्या विभागाची बेरीज करूच नये. निकालाच्या तक्त्यावर काळा पट्टा म्हणजे पुढची सविस्तर तपासणी, राखाडी म्हणजे घरी सराव करून काही आठवड्यांनी पुन्हा पाहणं, पांढरा म्हणजे वाढ अपेक्षेप्रमाणे. काळा पट्टा हे निदान नव्हे.

आता शेवटचे प्रश्न. दोन्ही हात, दोन्ही पाय सारखेच वापरतं का? उभं धरल्यावर तळपाय सपाट टेकतात का? ऐकण्या-पाहण्याबद्दल शंका आहे का? तुम्हाला कशाची काळजी वाटते? खेळणं उचलण्याच्या प्रश्नात ते कोणत्या हाताने उचललं, याला सहसा गुण नसतात. त्यामुळे कायम उजवाच हात पुढे करणारं, डाव्याची मूठ आवळून ठेवणारं बाळ पांढऱ्या पट्ट्यात आरामात बसू शकतं. पहिल्या वाढदिवसाआधी एकाच हाताचा असा ठाम कल दिसणं हे सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणाऱ्या कायमच्या परिणामाच्या) धोक्याचं लक्षण मानतात, आणि ते पकडण्याची जागा हीच. इथे ‘ठीक’ एवढंच लिहू नका. ‘डावा हात लंगोट बदलताना कडक लागतो’ हे एक वाक्य बेरजेपेक्षा उपयोगी पडतं.

तरीही पहिल्या पाच महिन्यांत हालचालींचं निरीक्षण आणि मज्जासंस्थेची तपासणी तज्ज्ञांनीच करायची असते. चांगले गुण मिळाले म्हणून फॉलो-अपची तारीख चुकवणं हा या प्रश्नावलीचा सगळ्यात महागडा गैरवापर. दूध गिळताना ठसका, झोप, सततचं रडणं या पालकांच्या रोजच्या काळज्यांना गुणांच्या रकान्यात जागाच नाही. ही उणीव खरी आहे. नजर किंवा श्रवण मुळातच कमी असलेल्या बाळाचे गुणही जपूनच वाचावे लागतात.

दोन वर्षांच्या सुमारास पार्का-आर ही दुसरी प्रश्नावली हाताशी ठेवण्याजोगी आहे. ती मोफत मिळते, साधारण साडेतेवीस ते साडेसत्तावीस महिन्यांत भरायची असते, आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१७ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दोन वर्षांच्या तपासणीत तिचा समावेश करायला सांगितलं. तिच्यात शंभर शब्दांची यादी आहे; बाळ बोलतं त्या शब्दांवर खूण करायची. यादी लांबलचक असली तरी ‘किती बोलतं?’ असा अंदाज करण्यापेक्षा खूण करणं पालकांना सोपं जातं. मात्र तिच्यात फक्त समज आणि भाषा आहे, हालचाली नाहीत. म्हणून त्या वयातही हात-पायांचं निरीक्षण वेगळ्या कागदावर लिहून सोबत न्या.