2 टीबीच्या एसएसडीत गेलेली भजने : एका फसवणुकीचा अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात कोणाला नवा मोबाईल घ्यायचा असला, की तो आधी माझ्याकडे येतो. कोणता प्रोसेसर चांगला, किती रॅम पुरेशी, कोणत्या कंपनीचे अपडेट किती वर्षे मिळतात, हे सांगायला मला मनापासून आवडते. शेतीची कामे आटोपल्यावर रोज रात्री तासभर मी याच विषयात असतो. त्यामुळे पुढची हकीकत लिहिणे मला जड जात आहे. मागच्या नोव्हेंबरात मी स्वतः फसलो आणि माझ्या शब्दावर विसंबून आणखी दोघे फसले.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट बंद झाली. माझा लॅपटॉप 2016 चा असून त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे, आणि विंडोज 11 साठी साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चांगला चालणारा लॅपटॉप केवळ एवढ्यासाठी टाकून देणे मला पटले नाही, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवायची ठरवली. त्यासाठी आधी लॅपटॉपमधील 340 जीबी फाइली कुठेतरी सुरक्षित ठेवणे आवश्यक होते. आमच्याकडे अपलोडचा वेग जेमतेम 2 एमबीपीएस मिळतो. त्या वेगाने एवढ्या फाइली क्लाउडवर चढवायच्या तर रात्रंदिवस पंधरा-सोळा दिवस लागले असते, त्यामुळे बाहेरून जोडायची ड्राइव्ह घेणे हाच मार्ग होता.

त्या 340 जीबीमध्ये घरचे फोटो होते, धाकट्या भावाच्या लग्नाचे चित्रीकरण होते, आणि आमच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या खंजेरी भजनांची 41 रेकॉर्डिंग होती. वर्धा नदी ओलांडली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आमच्यापासून फार दूर नाही, आणि सामुदायिक प्रार्थना व खंजेरी भजन आमच्या गावात अजून टिकून आहे. मंडळातले एक बुजुर्ग खंजेरीवादक 2021 मध्ये गेले. त्यांचा आवाज या रेकॉर्डिंगशिवाय दुसरीकडे कुठेही नव्हता.

समाजमाध्यमावर एक जाहिरात दिसली : 2 टीबीची पोर्टेबल एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी मेमरी चिपवर फाइली साठवणारी ड्राइव्ह), मूळ किंमत 14,999 रुपये, आज फक्त 2,499 रुपये, माल हाती आल्यावर पैसे द्या. संकेतस्थळ नेटके होते, खाली शेकडो लोकांचे समाधानाचे अभिप्राय होते, आणि सवलत संपायला किती मिनिटे उरली ते दाखवणारे घड्याळ चालू होते. नामांकित कंपन्यांच्या 2 टीबी एसएसडीची किंमत याच्या कितीतरी पट असते, हे मला ठाऊक होते. तरीही मी स्वतःची समजूत घातली, की मेमरी वर्षागणिक स्वस्त होत आली आहे, एखादी नवी कंपनी कमी नफ्यावर विकत असेल, आणि पैसे तर माल मिळाल्यावरच द्यायचे आहेत. या शेवटच्या विचाराने मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात पार्सल घेऊन आलेल्या मुलाने आधी पैसे घेतले आणि नंतरच पाकीट हातात दिले, आणि तो तरी काय करणार, त्याला तसाच नियम सांगितलेला असतो. हाती माल आल्यावर पैसे देणे म्हणजे माल तपासून पैसे देणे नव्हे, हे कृपया लक्षात ठेवा.

खोक्यावर उत्पादकाचे नाव नव्हते, आयात करणाऱ्याचा पत्ता नव्हता, कमाल किरकोळ किंमत नव्हती, तक्रारीसाठी क्रमांकही नव्हता. पाकीटबंद मालावर या गोष्टी छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. मी खोके उलटसुलट करून पाहिले आणि बाजूला ठेवले. ड्राइव्ह मात्र हातात घेतल्यावर वजनदार लागली, धातूच्या गार आवरणामुळे ती खरी वाटली.

लॅपटॉपला जोडल्यावर विंडोजने तिची क्षमता बरोबर 2.00 टीबी दाखवली. इथेच मी थांबायला हवे होते. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, तर विंडोज 1024 च्या पटीने मोजते. त्यामुळे खरी 1 टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये 931 जीबी आणि खरी 2 टीबीची ड्राइव्ह साधारण 1.81 टीबी दिसते. जी ड्राइव्ह अगदी गोल 2.00 टीबी दाखवते, तिच्याबद्दल संशय घ्यावा. हा हिशेब मी अनेकांना समजावून सांगितला आहे, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तो मला आठवला नाही.

दुसरी खूण वेगाची होती. यूएसबी 3 वरच्या चांगल्या एसएसडीला सेकंदाला चारशे एमबी लिहिणे सहज जमते. इथे जेमतेम 22 एमबीचा वेग मिळत होता आणि 340 जीबी जायला साडेचार तास लागले. लॅपटॉपचा पोर्ट जुना असेल, असे मी गृहीत धरले. कॉपी पूर्ण झाल्यावर पहिल्या फोल्डरमधील चार फोटो आणि एक भजन उघडून पाहिले. सगळे नीट चालले. त्याच रात्री मी लॅपटॉप पूर्ण पुसून लिनक्स मिंट बसवले.

नऊ दिवसांनी मंडळाला एका कार्यक्रमासाठी जुनी भजने हवी होती. मंडळाचे काका घरी आले आणि मी ड्राइव्ह जोडली. सगळी नावे जागच्या जागी होती, फाइलींचे आकार होते, तारखा होत्या, पण पहिल्या फोल्डरबाहेरचे एकही भजन वाजेना. त्या फोल्डरबाहेरचे फोटो उघडले तर काही वरच्या बाजूला दिसत आणि खाली राखाडी पट्टा, बाकीचे उघडतच नव्हते. काका पडद्याकडे पाहत म्हणाले, "नावं तं सारी दिसून राहिली बाप्पा, मंग वाजत काऊन नाही?"

याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळी फसवणूक त्यातच आहे. ड्राइव्ह जोडली जाते तेव्हा संगणक तिची क्षमता मोजत नाही, तो तिला विचारतो, आणि ड्राइव्हमधील नियंत्रक चिप जे उत्तर देते तेच पडद्यावर येते. बनावट ड्राइव्हच्या चिपमध्ये खोटा आकडा भरलेला असतो. आत मेमरी 64 जीबीची असली तरी चिप 2 टीबी सांगते. खरी जागा संपेपर्यंत सर्व काही व्यवस्थित लिहिले जाते. त्यानंतर आलेला मजकूर चिप स्वीकारते, लिहिला म्हणून कळवते, आणि प्रत्यक्षात तो कुठेच ठेवत नाही किंवा आधीच्या मजकुरावर लिहून तोही नासवते. फाइलींच्या नावांची यादी मात्र मुख्यतः सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या मेमरीच्या भागात राहते. म्हणून नावे दिसतात आणि आत काही नसते. मी तपासलेले चार फोटो आणि एक भजन पहिल्या फोल्डरमधले होते, त्यामुळे ते खऱ्या जागेत गेले होते.

लिनक्सवर एफ-3 नावाचे मोफत साधन मिळते. 'फाइट फ्लॅश फ्रॉड' या इंग्रजी शब्दांवरून त्याला ते नाव पडले. त्यातली झटपट तपासणी चालवली आणि काही मिनिटांतच, ही वस्तू बनावट असून वापरण्याजोगी जागा 60 जीबीच्या आसपास आहे, असे पडद्यावर आले. मग पेचकसाने आवरण उघडले. आत बोटाएवढ्या हिरव्या पट्टीवर कार्ड रीडर होता, त्यात मोबाईलमध्ये घालतात तसले एक मायक्रोएसडी कार्ड गोंदाने चिकटवलेले होते, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाची एक चपटी पट्टी होती. मला खरे वाटलेले वजन त्या पट्टीचे होते.

लॅपटॉपमधून तरी काही परत मिळेल, अशी आशा होती. पण त्यात मी दोन वर्षांपूर्वीच हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती. एसएसडी फॉरमॅट करताना, ही जागा आता मोकळी समजा असे ड्राइव्हला सांगणारी ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि जुना मजकूर बहुतेक वेळा कायमचा जातो. हार्ड डिस्क असती तर पुष्कळ काही वाचवता आले असते.

पैसे परत मागण्यासाठी संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन केला तर तो बंद होता. इंटरनेटवर त्या विक्रेत्याचा ग्राहक सेवा क्रमांक शोधला, तिथे मात्र लगेच फोन उचलला गेला. समोरचा माणूस अतिशय नम्र होता. त्याने परतावा मंजूर झाल्याचे सांगितले, मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एक अ‍ॅप घ्यायला लावले, आणि पैसे खात्यात जमा होण्यासाठी यूपीआय पिन टाकण्यास सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, तो पैसे देण्यासाठी असतो. मी फोन ठेवला आणि ते अ‍ॅप काढून टाकले. एकदा फसलेला माणूस परताव्याच्या आशेने दुसऱ्यांदा लवकर फसतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवत आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त असते. माझे पैसे रोख गेले होते आणि संकेतस्थळ तोवर नाहीसे झाले होते. 2,499 रुपये परत आले नाहीत.

मला जास्त लागले ते दुसऱ्या गोष्टीचे. ड्राइव्ह आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिचे कौतुक केले होते, आणि ते ऐकून माझ्या मावसभावाने व बाजाराच्या गावातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने तीच मागवली होती. त्या रात्री मी दोघांना फोन केले. फोटोग्राफरने तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन लग्नांचे चित्रीकरण त्या ड्राइव्हवर टाकले होते आणि कॅमेऱ्याची कार्डे दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी करणार होता. ती कार्डे वाचली. त्या दोघांचे पैसे मी कापूस विकल्यावर भरून दिले.

आता कोणतीही नवी ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड, मग ते कुठूनही घेतलेले असो, मी आधी काठोकाठ भरून तपासतो. विंडोजवर त्यासाठी एच-2-टेस्ट-डब्ल्यू नावाचे जुने मोफत साधन आहे. ते संपूर्ण जागेत ओळखीचा मजकूर लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. 64 जीबीच्या कार्डाला तास-दीड तास लागतो, मोठ्या संथ ड्राइव्हला एक-दोन दिवसही लागू शकतात, म्हणून वीज जाण्याची वेळ टाळून आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवून ते लावावे. घाई असल्यास व्हॅलिड्राइव्ह हे साधन ठिकठिकाणी नमुने घेऊन काही मिनिटांत अंदाज देते. ड्राइव्हवर आधीच काही ठेवले असेल तर ते प्रथम दुसरीकडे काढून घ्या, कारण बनावट ड्राइव्ह भरताना तिच्यातील शाबूत फाइलीही नासू शकतात. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत मूळ प्रत पुसू नका, मग ती लॅपटॉपमध्ये असो, मोबाईलमध्ये असो की कॅमेऱ्याच्या कार्डात.

डिसेंबरात घरच्या पेटीत माझ्या जुन्या मोबाईलचे 16 जीबीचे कार्ड सापडले. सुरुवातीची भजने मी त्याच मोबाईलवर रेकॉर्ड केली होती आणि नंतर कार्ड पुसून ठेवून दिले होते. त्यावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारे साधन रात्रभर चालवले. ते जुनी नावे परत आणू शकत नाही, एफ अक्षर आणि पुढे आकडे अशा नावांच्या फाइली काढून देते. त्यातली एकेक फाइल ऐकून ओळखावी लागली. 41 पैकी 7 भजने पूर्ण मिळाली, 4 मध्येच तुटलेली आहेत. खंजेरीवादक काकांचा मुलगा ती ऐकायला आला होता. तुटलेल्यांपैकी एकात आधी बराच वेळ नुसती खंजेरी वाजते, मग काका पहिले कडवे उचलतात आणि दुसऱ्या ओळीवर फाइल संपते. त्याने ती मोबाईलमध्ये मागितली. मी त्याला तीच फाइल दोन ठिकाणी घालून दिली, आणि दोन्ही ठिकाणी शेवटपर्यंत वाजवून पाहिल्यावरच त्याला जाऊ दिले.