क्लिक-३, के-१००० की यशिका मॅट: बडोद्यात फिल्मवर फोटो काढायचे तर

भाचीचा प्रश्न सरळ होता. "मामा, एकच घ्यायचा तर कुठला?" माझ्या कपाटात तीन कॅमेरे आहेत आणि तिन्ही चालू आहेत: अ‍ॅग्फा क्लिक-३, पेंटॅक्स के-१००० आणि यशिका मॅट-१२४जी. उत्तर मी लगेच दिलं नाही, आधी फिल्मचा हिशेब मांडला. तिघांची तुलना खरी तिथून सुरू होते.

के-१००० मध्ये ३५ मिलिमीटरचा रोल बसतो, ३६ फोटो येतात. क्लिक आणि यशिका या दोघांना १२० नंबरचा रोल लागतो आणि त्यात सहा बाय सहा सेंटिमीटरचे फक्त बारा चौकोन निघतात. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून एका रोलमागचा खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच येतो, हजाराच्या पुढेच. म्हणजे चौकोनी फोटो एकेक करून मोजला तर तिप्पट महाग. बदल्यात निगेटिव्ह साडेतीन पटींहून मोठी मिळते आणि मोठा प्रिंट काढला की ती आपली किंमत वसूल करते. पण ज्याला अजून उजेडाचा अंदाज नाही त्याचे बारापैकी सात वाया जातात. छत्तिसांत सात गेले तर वाईट वाटत नाही.

आता क्लिक. याच्याबद्दल मी निष्पक्षपणे लिहू शकत नाही, कारण हा आपल्या गावचा. न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी इथे बडोद्यात अ‍ॅग्फाचे कॅमेरे बनवायची. दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये मुंजीचे, कमाटी बागेतल्या सहलीचे जे चौकोनी काळे-पांढरे फोटो आहेत, त्यातले बरेचसे असल्याच डबीतून आलेले. फोकस ठरलेला, शटरचा वेग एकच, वर ऊन आणि ढगाची चित्रं. दहाएक फुटांपलीकडे उभं राहायचं, छाती रोखायची आणि दाबायचं. मधला भाग बऱ्यापैकी नीट येतो, कडा विरघळतात.

गंमत अशी, की लोक या क्लिकमध्ये आज ४०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा) घालतात आणि फोटो पांढरे पडले म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात. भर उन्हाचा जुना नियम आहे: एफ/१६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे ४०० च्या रोलला सेकंदाचा चारशेवा भाग. क्लिकचं शटर तिसाव्या भागाच्या आसपास रेंगाळतं आणि छिद्रही एफ/१६ पेक्षा मोठं. बडोद्याच्या एप्रिलात तेवढ्या उजेडाने काय होणार? १०० चा, मिळाला तर ५० चा काळा-पांढरा रोल घाला. निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच पोटात घालते. शिवाय रोलवरचा आकडा दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा आणि रोल फिरवतानाच उघडा. हल्लीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. आणि एकदा दाबून झाल्यावर रोल पुढे नेला नाही तर क्लिक अडवत नाही, त्याच चौकोनावर दुसरा फोटो चढतो. माझ्याकडे एक सुंदर फोटो आहे, त्यात सुरसागरच्या पाण्यात आमची आत्या उभी आहे.

यशिका मॅट हा वेगळाच प्राणी. दोन लेन्स, एकावर एक. वरची दाखवते, खालची फोटो काढते. १९७० ते १९८६ पर्यंत हा बनत होता. ८० मिलिमीटरची एफ/३.५ लेन्स, एका सेकंदापासून पाचशेव्या भागापर्यंत शटर. वजन किलोच्या वर. पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, आणि काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मान खाली गेल्यामुळे समोरचा माणूस सैलावतो. डोळ्याला कॅमेरा लावला की आमच्याकडच्या आज्या लगेच पदर सारखा करून ताठ बसतात. यशिकासमोर त्या बोलत राहतात. होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स वापरत, तोही याच जातीचा कॅमेरा. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांची शेवटची वर्षं बडोद्यात गेली आणि २०१२ मध्ये त्या इथेच वारल्या, हे आपल्याच गावातल्या पुष्कळांना माहीत नसतं.

उजेड कमी असेल तिथे कागदावर के-१००० जिंकतो. त्याची नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ पर्यंत उघडते, म्हणजे यशिकापेक्षा दीड पायरीहून थोडी जास्त (एका पायरीला उजेड दुप्पट). प्रत्यक्षात फरक तेवढा उरत नाही. के-१००० मध्ये दर फोटोला आरसा धाडकन वर जातो. यशिकात हलणारा आरसाच नाही आणि पट्टा मानेवर ताणून धरला की पंधराव्या भागालाही हात स्थिर राहतो. जुन्या वाड्याचा अंधारा जिना मी दोघांनी काढून बघितलाय. यशिकाचा जास्त आवडला.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, मात्र यशिका घेऊन गच्चीवर जाऊ नका. पतंग डावीकडे गेला की काचेत तो उजवीकडे जातो, आपण कॅमेरा भलतीकडे वळवतो, तोवर शेजारच्या गच्चीवरून "काप्यो!" ऐकू येतं. तिथे के-१०००, ४०० चा रोल, हजाराव्या भागाचं शटर. नवरात्रात गरब्याच्या मैदानावरही तोच. क्लिक त्या दोन्ही दिवशी कपाटात बरा.

के-१००० बद्दल लिहिण्यासारखं कमी आहे आणि तेच त्याचं कौतुक. १९७६ ते १९९७, एकवीस वर्षं तो जवळपास तसाच बनत राहिला. सेल्फ-टायमरसुद्धा नाही. डोळा लावायच्या खिडकीत उजवीकडे उजेड मोजणाऱ्या मीटरची एक सुई असते, ती मध्यावर आणायची. सेल संपला तरी शटर चालतं, फक्त सुई मरते. सेल एलआर४४, घड्याळवाल्याकडे मिळतो. यशिकाच्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. त्याच मापाचा साधा १.५ व्होल्टचा घातला तर मीटर खोटं बोलतं. मी यशिकाचं मीटर बघतच नाही, मोबाइलवरच्या मीटरने काम भागतं.

विकत घेताना फसायच्या जागाही तिघांच्या वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये राहिलेल्या लेन्सला बुरशी हमखास येते, म्हणून मोबाइलचा टॉर्च मागून मारून आरपार बघा. यशिकाची खालची लेन्स बघायची. विकणारे वरचीच पुसून ठेवतात. मी एकदा "बुरशी नाही" या शब्दावर घरबसल्या एक मागवला होता. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं, आणि परत घेणार नाही म्हणाले. यशिकाचा एका सेकंदाचा वेग लावून कानाशी धरा. तेल घट्ट झालं असेल तर तो सेकंद संपतच नाही. के-१००० चं मागचं दार उघडून खाचेतला उजेड अडवणारा काळा फोम बोटाने दाबा. चिकट लागला तर तो बदलायचा, घरीही जमतं. आणि १२० चा कुठलाही कॅमेरा घेताना आत एक रिकामं स्पूल आहे ना, ते पाहा. त्याशिवाय पहिला रोल गुंडाळणार कशावर?

घरी धुवायचं मनात असेल तर एक स्थानिक सोय सांगतो. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेला सुमारे ३८ अंशांचं पाणी लागतं आणि मे महिन्यात गच्चीवरची टाकी ते फुकट देते. काळ्या-पांढऱ्याला २० अंश हवेत, त्यासाठी बर्फ फोडत बसावं लागतं. त्यामुळे माझा काळा-पांढरा डिसेंबर-जानेवारीतच धुतला जातो.

तर भाचीला सांगितलं ते असं. पहिला कॅमेरा के-१०००, आणि त्यावर दहा रोल काढायचे. त्यातले निम्म्याहून जास्त फोटो माणसांचे निघाले आणि दिवसाला चार-पाचच काढावेसे वाटू लागले, तर यशिका. दगड, झाडं, रस्ता, पतंग असंच निघत असेल तर यशिकावर पैसे घालायची गरज नाही. क्लिक विकत घ्यायचाच नाही. बडोद्यातल्या कुठल्यातरी काकांच्या माळ्यावर तो असतोच, तिथे चहाला जायचं आणि विषय काढायचा.

सध्या ती माझाच के-१००० वापरते आहे. त्याला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सवर टोपी लावणं हेच बटण. ते ती विसरते. दोन महिन्यांत तीन सेल झाले.