ग्रेगोरियन गायनाच्या साथीला पेटी की कीबोर्ड?

वडोदऱ्यातल्या एखाद्या मराठी गायनवृंदाने मिस्सेतले (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेतले) लॅटिन भाग ग्रेगोरियन पद्धतीने, म्हणजे चर्चच्या जुन्या एकसुरी, ठेका नसलेल्या चालींत, पुन्हा गायला घेतले की पहिल्याच तालमीला हा प्रश्न येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान राखला आणि परवानगीने इतर वाद्यांनाही वाट ठेवली. खरा ऑर्गन बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, तेव्हा निवड या दोहोंतच.

कीबोर्डची बाजू भक्कम आहे. दोन्ही हात मोकळे: उजव्यात चाल, डाव्यात संथ बदलणारे आधारस्वर. पट्टी बदलायला एक बटण पुरतं. हे गायन ज्या चौकोनी स्वरलिपीत लिहितात तिच्यात पट्टी ठरलेली नसतेच, म्हणून ते फार कामाचं. ‘मिस्सा दे अँजेलिस’ या चालींच्या संचातलं किरिए (‘प्रभू, दया कर’ ही विनवणी) पांढरी चारमध्ये घेतलं तर वरच्या स्वरांना लोकांचा गळा ताणतो, पांढरी दोनमध्ये सगळे गातात. स्केलचेंजर (पट्टी सरकवण्याची सोय) नसलेल्या पेटीवर तीच चाल नव्या पट्टीत बसवावी लागते.

पेटीची खोड भात्यात आहे. डावा हात त्यातच गुंततो, आणि भजनाच्या सवयीने भात्याला प्रत्येक हात मारला की आवाज फुगतो. या गायनाला मोजलेल्या मात्रा नाहीत. तो फुगवटा नकळत ठेका घुसवतो. म्हणून भाता अर्धा भरलेला ठेवावा, हात लहान मारावेत, आणि मोठा हात फक्त स्वरलिपीतल्या पूर्ण उभ्या रेषेवर, जिथे गाणारेही श्वास घेतात. सुरांची एकच ओळ उघडी, कपलर (जोडीने दुसरा सप्तक वाजवणारी कळ) आणि ट्रेमोलो (सूर थरथरवणारी कळ) बंद. प्रत्येक स्वर वाजवू नये. ओळ जिथे विसावते तेवढेच धरावेत. पावसाळ्यात पट्ट्या अडकतात हे खरं. एखादा सूर मुका झाला तर बहुधा पितळी जिभेखाली कण असतो. पातळ कागद हळूच सरकवला की सुटतो.

तरी माझं पारडं पेटीकडे झुकलं ते स्पीकरमुळे. गायनवृंद मागच्या सज्जात आणि कीबोर्डचा आवाज मिक्सरमधून वेदीजवळच्या स्पीकरच्या खोक्यांत. पंचवीस मीटर मागे यायला आवाजाला सेकंदाचा सुमारे चौदावा भाग लागतो. ठेक्याच्या गीतात ते निभावतं. इथे मात्र सगळे एकमेकांकडे कान लावून शब्दाबरोबर पुढे सरकतात. उशिरा पोहोचलेला सूर ऐकून ते किंचित थांबतात, पुढच्या अक्षरावर आणखी, आणि ग्लोरिया (मिस्सेतलं स्तुतिगीत) संपेपर्यंत चाल पार रेंगाळते. मग वादक आवाज वाढवतो आणि लोक गाणं सोडून ऐकू लागतात. खोका सज्जात आणला की बरंच सुधारतं. पण गाणाऱ्यांसमोर माइक असला की तोच सूर त्यातून वेदीजवळच्या खोक्यांत जातो आणि उशिरा परततो. पेटी गाणाऱ्यांच्या मधोमध असते. माइक नसेल तर तिचा सूर तिथल्या तिथेच राहतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात, लेतारे रविवार (त्यातला चौथा रविवार) आणि सण सोडले, तर वाद्य फक्त गाण्याच्या आधारापुरतं. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीतल्या ग्लोरियापर्यंतही तसंच. सा देऊन हात उचलणं पेटीवर सहज जमतं.

कीबोर्डवरच तयार झालेला वादक असेल तर त्याची पेटीसाठी ओढाताण करू नये. मिक्सरला न जोडलेला छोटा स्पीकर गाणाऱ्यांच्या पायाशी ठेवावा. पण भजनात मुरलेला पेटीवादक मिळत असेल, आणि १८८६ पासून संगीतशाळा असलेल्या या शहरात तो मिळावा, तर मी पेटीच घेईन. फक्त पहिल्या दोन तालमी त्याला पेटी न उघडता नुसतं ऐकायला बसवावं.