बेल्जियमचा कोटिक्यूल : वस्तऱ्याला हा एकच दगड पुरतो का?

पुरतो, पण धारेचे दोन्ही बाजूंचे उतार आधीच एका रेषेत नीट जुळलेले असतील तरच. वस्तऱ्याची कपची उडालेली असेल, तो अडगळीतून निघालेला असेल किंवा कुणी चाकूच्या दगडावर घासून ठेवला असेल, तर पहिलं काम १००० नंबरच्या कृत्रिम दगडाचं (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). ते कोटिक्यूलवरही होतं, पण तास-दीड तास हात चालवायची तयारी हवी. एकदा उतार जुळले की पुढे ३०००, ८०००, १२००० अशी दगडांची रांग लावावी लागत नाही.

आर्देन भागात, व्हिएल्साल्मच्या आसपास निघणारा हा सायीच्या रंगाचा नैसर्गिक दगड. त्यात साधारण ३० ते ४० टक्के तामड्याचे (गार्नेटचे) अतिसूक्ष्म दाणे असतात, पोलाद कापतात ते हेच. पिवळा थर पातळ आणि ठिसूळ, म्हणून पाठीला निळसर-जांभळ्या दगडाचा आधार असतो. कुठे तो निसर्गतःच जुळलेला, कुठे चिकटवलेला. विक्रेते त्याला ‘८०००’ वगैरे आकडा लावतात, त्यावर जाऊ नका. वर छोटा तुकडा उगाळून झालेल्या दाट पाण्यावर हाच दगड भराभर पोलाद खातो आणि स्वच्छ पाण्यावर जेमतेम चकाकी आणतो. त्याला एकच आकडा बसणार कसा?

‘सिलेक्टेड’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन प्रती मिळतात. फरक बहुतेक दिसण्याचा आहे, तिथे पैसे घालवू नका. काळ्या रेघा असल्या तरी चालतात, फक्त त्यांवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर ती रेघ धारेलाही अडणार. मापाचं म्हणाल तर १५० × ४० मिमी भरपूर झालं. वस्तऱ्याचं पातं ७०-७५ मिमी लांब, त्यामुळे ४० मिमी रुंदीवर हात तिरका ओढावा लागतो. पण जरासं पिळलेलं पातं अरुंद दगडावरच पूर्ण टेकतं, म्हणून जास्त रुंदीचा सोस नको. सगळ्यात पैसा वसूल म्हणजे ‘बू’ नावाने विकले जाणारे वेडेवाकडे तुकडे. आपल्याकडे सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा चालतो, त्यामुळे हा दगड बाहेरूनच मागवावा लागतो आणि टपालखर्च वजनावर असतो, हेही लहान तुकड्याच्या बाजूचंच. सोबत उगाळायचा छोटा तुकडा आहे ना, ते आधी विचारून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला काळा कार्बोरंडम विळी-कोयत्यासाठी ठेवा.

आल्या आल्या पृष्ठभाग तपासायचा. पेन्सिलीने जाळी आखा, जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून दगड घासा. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की वर ६०० चा हात. कडा किंचित गोल करायला विसरू नका, टोकदार कड धारेला खाते. दगड भिजत घालायची गरज नाही, वर शिंपडलेलं पाणी पुरतं.

आता खरी कला. सहाणेवर चंदन उगाळतो तसा छोटा तुकडा थोड्या पाण्यात गोल फिरवा, पातळ दुधासारखं गंध तयार होईल. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवा. पाठ उचलायची नाही, कोन तीच ठरवते. एका बाजूने पुढे-मागे ३० हात, मग दुसऱ्या बाजूने ३०. मग टाच (पात्याचं मुठीकडचं टोक), मध्य आणि टोक अशा तिन्ही जागी मनगटावरचे केस उडतात का बघा. अडते ती बहुधा टाच, कारण तिथला जाड खांदा दगडावर चढतो आणि पातं उचललं जातं. खांदा दगडाबाहेर राहील असा वस्तरा धरा. शंका असेल तर धारेच्या उतारावर मार्कर फिरवून चार हात मारा, शाई जिथे राहील तिथे दगड पोचलेला नाही.

केस सगळीकडे उडाले की गंध पातळ करायला घ्या. बोटाने दोन थेंब, मग धार पुढे ठेवून टाचेकडून टोकाकडे तिरके १०-१२ जोडहात (दोन्ही बाजूंनी एकेक मिळून एक), पुन्हा दोन थेंब. असं आठ-दहा वेळा, पाणी नितळ होईपर्यंत. दाट गंधातले सुटे दाणे भराभर कापतात खरे, पण धारेच्या शेंड्यावर आदळून तो बोथटही तेच करतात. गंध जसं विरळ, तसा शेंडा बारीक. घाईने एकदम पाणी ओतलं तर दगड मंदावतो आणि धार गंधाच्या पातळीवरच अडकते. रेंगाळलात तर मेच्या उन्हाळ्यात पाणी उडून गंध पुन्हा दाटतं, आधीची मेहनत फुकट. शेवटी दगड धुऊन स्वच्छ पाण्यावर ३०-५० हात, नुसत्या पात्याच्या वजनाने. मग कॅनव्हासवर ५० आणि चामड्याच्या पट्ट्यावर ६०, इथे मात्र पाठ पुढे.

टांगलेला केस तोडायच्या परीक्षेत ही धार १२००० नंबरच्या नानिवा या जपानी कृत्रिम दगडापुढे कमीच ठरते. गालावर मात्र मऊ चालते, दाढीनंतर आग होत नाही. राठ दाढीवाल्यांना आणि ज्यांना थेंब मोजायचा कंटाळा आहे त्यांना नानिवाच बरा, त्याचा अंदाज पक्का असतो. कोटिक्यूलचा प्रत्येक तुकडा वेगळा. एकाला ३० हात पुरतात तिथे दुसऱ्याला ६० लागतात, आणि हे विकत घेताना कळायचा मार्ग नाही.

शेवटच्या हातानंतरही दाढी ओढली जात असेल, तर स्वच्छ पाण्यावर आणखी शंभर हात मारून काही मिळत नाही. पुन्हा हलकं गंध उगाळा आणि मनगटावरच्या केसांच्या परीक्षेपासून सुरुवात करा.