मॉन्स्टर हंटर ओराज: चार खंड, आठ महिने आणि उलटा शिवलेला एक ड्रॅगन

जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, घरभर दोरीवर कपडे. अशा दमट रात्री दुसरा खंड उघडला तर पंधरा-सोळा पानं गठ्ठ्याने मांडीवर आली. त्याआधी कण्यातून 'टक्' असा आवाज झाला होता. तो ऐकूनही मी पुस्तक आणखी उघडलं, ही माझी चूक. ही पानं पडली नसती तर मी हे लिहायलाही बसलो नसतो. चार खंडांच्या मांगावर, म्हणजे जपानी कॉमिकवर, एवढं काय लिहायचं?

कथा काय आहे ते इथे येणाऱ्यांना माहीत असेलच, म्हणून थोडक्यात उरकतो. लेखक-चित्रकार हिरो माशिमा, म्हणजे 'फेअरी टेल' या मांगावाले. २००८ साली कोदान्शा या जपानी प्रकाशकाने मंथली शोनेन रायव्हल नावाचं नवं मासिक काढलं, त्यात कॅपकॉम कंपनीच्या मॉन्स्टर हंटर या राक्षसांच्या शिकारीच्या व्हिडिओ गेमवरचा हा मांगा सुरू झाला आणि २००९ मध्ये संपलासुद्धा. त्याच काळात हा माणूस दर आठवड्याला फेअरी टेलही काढत होता, त्यामुळे चारच खंड का, हे कोणाला विचारायची गरज नाही. इंग्रजी खंड २०११ पासून आले. शिकी नावाचा तरुण शिकारी मेलेल्या गुरूला दिलेला शब्द पाळायला म्यो गालुना हा दंतकथेतला ड्रॅगन शोधतोय. सोबत इरी, एका नावाजलेल्या शस्त्रकाराची मुलगी. शिकीचा चेहरा बघितला की फेअरी टेलच्या नायकाने, नात्सूने, अंगावर चिलखत चढवलंय असं वाटतं. माशिमांच्या सगळ्या नायकांची आई एकच असावी.

आता पैशांचं. पहिले तीन खंड जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १४५० रुपयांना एकत्र मिळाले. चौथा कुठेच नव्हता. दीड महिना रोज सकाळी चहाबरोबर शोध, आणि शेवटी मिळाला तो १९०० रुपयांना, एकटा. म्हणजे शेवट वाचायला मी पहिल्या तिघांपेक्षा जास्त मोजले. घरी आकडा ११०० सांगितला आहे.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात. बाबांनी उघडलं, चाळलं आणि मला फोन केला, "अरे, हे पुस्तक मागून सुरू होतंय. मिसप्रिंट आहे." म्हटलं, बाबा, जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. तर म्हणाले, "मग इथे पहिल्याच पानावर त्यांनीच लिहिलंय की तुम्ही चुकीच्या बाजूला आलात. चूक त्यांनाही कळलीय!" आणि माझ्याच अकाउंटवरून परत पाठवायची विनंती टाकून मोकळे. दुसऱ्या दिवशी पार्सल न्यायला आलेल्या पोराला मी जिन्यात गाठून परत पाठवलं.

पहिल्या वाचनानंतरचं माझं मत वाईट होतं, ते लपवत नाही. फेब्रुवारीत चारही खंड मी चार संध्याकाळी संपवले. ३३५० रुपये भागिले चार. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा गेम मी सेलमध्ये यापेक्षा कितीतरी कमी पैशांत घेतला होता आणि त्यात माझे सहाशे तास गेलेत. तासाचा दर काढला तर मांगाची लाजच निघते. शिवाय गेम खेळणाऱ्याला यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. गेममध्ये शिकार म्हणजे बहुतेक वेळ तयारी आणि वैताग. आधी जेवायचं, मग माग काढायचा, मारता मारता तलवारीची धार उतरली की झुडपामागे बसून सहाणेवर घासायची, राक्षस लंगडत घरट्याकडे पळाला की त्याच्यामागे धावायचं. त्याची किती ताकद उरली ते पडद्यावर कुठेच दिसत नाही, त्याच्या चालीवरून ओळखायचं. पन्नास मिनिटांची मुदत. तीनदा आडवे झालात की सगळं मुसळ केरात. आणि एवढं करून राथालोस नावाच्या राक्षसाचा माणिक निघतच नाही. जपानी खेळाडूंनी या प्रकाराला 'हाव ओळखणारा सेन्सर' असं नाव ठेवलंय: तुम्हाला जे हवं असतं ते गेमला कळतं आणि नेमकं तेच तो देत नाही.

मांगात हा घाम नाही. शिकीकडे हिंमत आहे, मैत्री आहे, ओरडणं आहे, आणि पानं उलटली की राक्षस पडलेला. मला वाटलं, हे म्हणजे मोदकातलं सारण खाल्लं आणि उकड काढण्याचा त्रास कोणीतरी दुसऱ्यानेच घेतला.

पण माझी खरी तक्रार ही नव्हतीच. माझी तक्रार दोन पानांच्या मधल्या घळीबद्दल आहे, आणि या घळीबद्दल मी घरात इतका बोललोय की आता विषय काढला की बायको उठून गॅस बंद करायला जाते. गॅस चालू नसला तरी.

या मांगाचा सगळा जीव राक्षसांच्या जोडपानी चित्रांत आहे. माशिमा स्वतः या गेमचे भक्त, त्यामुळे खवले, पंखांच्या शिरा, उघडलेला जबडा, सगळं अगदी मायेने काढलंय. हे चित्र दोन पानांवर पसरतं आणि राक्षसाची मान नेमकी जिथे दोन पानं मिळतात तिथे येते. ती दिसत नाही. डावीकडे धड, उजवीकडे डोकं, मधे अंधार. मूळ मासिक मोठ्या आकाराचं, तिथे घळीत गेलेला अर्धा सेंटिमीटर खपून जातो. पुस्तकात तेच चित्र लहान होतं, घळ मात्र तेवढीच राहते. त्यात हे पुस्तक शिवलेलं नाही. पानांच्या कडा कापून कण्याला नुसता डिंक लावलेला. मान बघायची तर पुस्तक जोर लावून उघडायचं, आणि दहा-बारा वर्षं जुना, कडक झालेला डिंक असा जोर सहन करत नाही. ड्रॅगन बघायचा की पुस्तक टिकवायचं, एवढेच दोन पर्याय. मी पाच महिने ड्रॅगन बघितला. जुलैत पानं पडली.

विक्रेत्याला कळवलं. मुदत सात दिवसांची होती हे मलाही ठाऊक होतं, पण विचारायला काय जातं? चॅटवर पहिला प्रश्न आला, "वस्तू चालू स्थितीत आहे का?" पुस्तक आहे म्हटलं. "चार्जिंग होत आहे का?" मग फोटो मागितला. पाठवला. दोन दिवसांनी उत्तर, की आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, तक्रार बंद करण्यात आली आहे. मी पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा बंद केली. चार वेळा. पाचव्या वेळी त्यांनी पन्नास रुपयांचं कुपन दिलं, किमान हजाराच्या खरेदीवर.

मग पेठेतल्या एका बाइंडरकडे गेलो. आजोबांच्या पोथ्या त्यानेच बांधल्या होत्या, हात चांगला. पुस्तक त्याने उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "होऊन जाईल, शुक्रवारी या." ८० रुपये. शुक्रवारी गेलो. पुठ्ठा झकास, कडा एकसारख्या कापलेल्या, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याची आडवी शिलाई. आता हत्ती उभा राहिला तरी पान हलणार नाही. फक्त पुस्तक मराठी झालं होतं. मुखपृष्ठ त्याने डाव्या कण्याला लावलं, आपल्याकडे असतं तसं. वर सांगतो, "ते चुकून मागच्या बाजूला लागलं होतं साहेब, नीट करून दिलं." त्याला आणि बाबांना एकदा भेटवलं पाहिजे.

आणि शिलाई? आडव्या शिलाईला जागा लागते. तिने दोन्ही बाजूंनी आणखी पाऊण-पाऊण सेंटिमीटर खाल्ला. पूर्वी राक्षसाची मान जायची, आता खांदेही गेले. ज्या दोषाला मी शिव्या देत होतो त्याच्या दुरुस्तीला मी पैसे मोजले आणि दोष दुप्पट करून आणला. त्या रात्री मी बोललो नाही. बायकोलाही गॅसकडे जावं लागलं नाही.

आता मत कुठे बदललं ते. ऑगस्टमध्ये मी गेममध्ये एका चिलखतापायी अडकलो होतो. एकच राक्षस, एकच तुकडा हवा, आणि अठरा वेळा शिकार करून तो मिळेना. एकोणिसाव्यांदा तोच ड्रॅगन लंगडत त्याच घरट्याकडे निघाला तेव्हा मला त्याची दया आली. गेम बंद केला आणि हाताशी पहिला खंड होता तो उचलला. यावेळी माझं लक्ष शिकीकडे गेलंच नाही, इरीकडे गेलं.

गेममध्ये शस्त्रकार म्हणजे एक यादी. खवले द्या, हाडं द्या, पैसे द्या, घण दोनदा पडतो, तलवार हातात. सहाशे तासांत मी त्या माणसाला एकदाही काही विचारलं नाही. खरं तर सगळा खेळ त्याच्यासाठी चालतो: आपण मारतो ते राक्षस त्याचा कच्चा माल आहेत. माशिमांनी हे ओळखलं आणि त्या यादीतून एक पोरगी उभी केली. तिला स्वतःला सर्वोत्तम शस्त्रं घडवायची आहेत आणि त्यासाठी ती शिकाऱ्यांबरोबर रानात फिरते. घाम कुठे गेला म्हणून मी ओरडत होतो, तो मला इरीत सापडला, लढाईच्या पानांत नाही. फेब्रुवारीत हे कसं दिसलं नाही कोण जाणे. तेव्हा मी घळीतच डोकं घालून बसलो असणार.

आणि चारच खंड असणं आता मला खुपत नाही. फेअरी टेल ६३ खंडांचं आहे. मी तेवीसला सोडलं आणि अजून अपराधी वाटतं. ओराजची मी तीन पारायणं केली. तासाचा दर पुन्हा काढला, बराच उतरलाय. शेवट घाईत उरकलाय हे मात्र तिन्ही वेळा जाणवलं. म्यो गालुनाबद्दल जेवढी हवा केली त्या मानाने शेवटाला अजून निदान एक खंड हवा होता. अर्थात तो असता तर मला २५०० ला पडला असता.

गणपतीत भाचा आला होता, अकरा वर्षांचा. त्याने कपाटातून नेमका बांधलेला दुसरा खंड काढला, पुठ्ठा चांगला म्हणून. डावीकडून सुरुवात केली आणि शेवटापासून आरंभापर्यंत सगळा वाचला, तासभर जागचा हलला नाही. मग विचारलं, "मामा, यात राक्षस आधी पडतात आणि मग उठून मारामारी करतात, असं का?" मी सांगितलं उलटं वाचलंस म्हणून. त्याने पुन्हा चाळून बघितलं आणि म्हणाला, "पण असंच भारी आहे. शेवटी सगळे जिवंत."

घ्यावं का? गेम खेळला असेल आणि पहिले तीन वाजवी भावात मिळत असतील तर घ्या, पण चौथा आधी शोधा, मग बाकीचे. पावसाळ्यात पूर्ण उघडू नका. डिंक सुटलाच तर बाइंडरला शिलाई नको, नुसता नवा डिंक लाव असं स्पष्ट सांगा, आणि मुखपृष्ठ कुठल्या बाजूला ते पेन्सिलीने लिहून द्या. माझे पहिले तीन खंड कोणाला हवे असतील तर वाचायला नेऊ शकता. चौथा माझ्याच घरी बसून वाचावा लागेल, तोही अर्धाच उघडून.