मुक्कामाला पायात काय: हवाई, क्लॉग की फ्लोटर?

रतनवाडीतून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं करत हरिश्चंद्रगड गाठायचा म्हणजे वाटेत मुक्काम आलेच. संध्याकाळी सॅक टेकली की आधी बूट निघतात. मग कुणाला पाण्याला जायचं असतं, कुणाला लाकडं आणायची असतात, आणि रात्री दोनला कुणाला तरी ‘बाहेर’ जायचंच असतं. ओल्या बुटात सुजलेला पाय परत कोंबण्यापेक्षा माणूस अनवाणी निघतो आणि काटा भरून घेतो.

त्यासाठी मी तीन जोड आलटून पालटून वापरले आहेत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझ्या नऊ नंबरचा जोड असा भरला: रबरी हवाई चप्पल 380 ग्रॅम, बाजारातले बिनब्रँडचे क्लॉग (बंद टोकाचे, भोकाभोकांचे फोमचे जोडे) 290, फ्लोटर (वेल्क्रोच्या पट्ट्यांची सँडल) 640. हवाई सगळ्यात हलकी असणार असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. पण क्लॉग म्हणजे ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा फोम, त्यात निम्मी हवाच. किंमत सांगायची तर हवाई दीडशेला, क्लॉग साडेतीनशेला आणि फ्लोटर नऊशेला पडले.

हवाईचं खरं सुख म्हणजे ती चपटी असते. सॅकच्या पाठीकडच्या बाजूला सरकवली की जागा खात नाही. भिजली तर झटकायची, संपलं. पट्टा भोकातून निसटलाच तर तळाखाली बटणाच्या वर सेफ्टी पिन आडवी घालायची. ही विद्या आपल्याला शिकवावी लागत नाही. मी तर एक पिन चपलेच्या पट्ट्यालाच लावून ठेवतो. अडचण थंडीत येते. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा सुटला की मोजे काढवत नाहीत, आणि मोज्यावर अंगठ्याची चप्पल चढत नाही. मोज्याचं टोक बोटांच्या फटीत कोंबून चालून पाहिलंय, पाच मिनिटांत पट्टा रुतायला लागतो. दुसरी गोष्ट, आपण सगळे ट्रेकला घरातली सर्वांत झिजलेली चप्पल नेतो. गेली तर गेली, म्हणून. ती नेमकी टाक्याच्या ओल्या पायऱ्यांवर सटकते. हातात दोन भरलेल्या बाटल्या, कपाळाला बॅटरी आणि टाच मोकळी! हवाई न्यायचीच तर नवी न्या, झिजलेली मोरीत राहू द्या.

क्लॉग मोज्यांवर आरामात चढतो, मागचा पट्टा टाचेवर घेतला की पाण्यापर्यंत नीट जाता येतं. फोम पाणी पीत नाही, त्यामुळे पुसला की कोरडा. मात्र हे सोंग चपटं होत नाही. सॅकच्या बाहेर टांगलं तर करवंदीच्या जाळीत अडकतं, आत ठेवलं तर निम्मी सॅक खातं. मी कांदे-बटाटे पिशवीत घालून त्याच्या पोटात भरतो. गवत वाळलं की कुसळं भोकांतून आत येतात आणि मोज्यात रुतून बसतात, ती वेचण्यात अर्धा तास जातो. उष्णतेशीही त्याचं वाकडं आहे. आमच्यातल्या एकाने ओले क्लॉग शेकोटीजवळ वाळत घातले, सकाळी एकाचं टोक पापडासारखं वळलेलं. बंद गाडीत उन्हात राहिले तरी आकसतात.

घेताना तळ अंगठ्याने दाबून बघा. जो जोड स्पंजासारखा आत जातो, त्यातून बाभळीचा काटा सरळ पायात येतो. काटा तळातच मोडला तर दिसतही नाही, टेकवल्या पावलाला टोचत राहतो, चिमटा लागतो.

फ्लोटरचं वजन मला पटत नाही, तरी दोन प्रसंगी तोच न्यावा. एक, वाटेत ओढे ओलांडायचे असतील तेव्हा. दुसरा, बूट जुने असतील तेव्हा. कुमशेतच्या अलीकडे आमच्यातल्या एकाच्या बुटाचा सोल टाचेपासून अख्खा सुटला. सुतळी बांधली, तासाभरात तीही झिजली. पुढचा सगळा ट्रेक त्याने फ्लोटरवर काढला. हवाईवर तो पाचनईला पोचलाच नसता. नुसत्या मुक्कामासाठी मात्र फ्लोटर डोकेदुखी. त्याचे पट्टे रात्रभर ओले राहतात, वेल्क्रोत चिखल बसतो, आणि देवळात पथारी टाकली असेल तर दर वेळी दारात वाकून चर्र चर्र. झोपलेले शिव्या घालतात.

हॉटेलातल्या पांढऱ्या सपाता आणणारेही भेटतात. वजन नगण्य, पण दवाने ओल्या गवतात चार पावलं टाकली की लगदा.

मी आता थंडीत आणि हिमालयात क्लॉगच नेतो. तंबूपासून संडासाचा तंबू लांब असतो, लोकरी मोजे काढायची सोय नसते. मार्च-एप्रिलच्या एका रात्रीला नवी हवाई पुरते. एक फरक मात्र लक्षात ठेवा: चपलेवर विंचू बसला तर दिसतो, क्लॉगच्या बंद टोकात दिसत नाही. सकाळी उपडा करून दगडावर दोनदा आपटल्याशिवाय पाय घालू नये.

क्लॉग घ्यायला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो. ट्रेकचे जाड मोजे खिशात न्या आणि ते चढवूनच माप बघा. भर मे महिन्यात लोकरी मोजे काढले की दुकानदार विचित्र बघतो. बघू द्या.