वॉटरप्रूफ नसलेले शूज घातले ते बरंच झालं: जाळीच्या ट्रेल शूजचा रिव्ह्यू

शनिवार-रविवार जोडून आम्ही चौघं, म्हणजे मी, ताई, भाऊजी आणि माझा एक मित्र, डोंगरातल्या दाट जंगलाच्या ट्रेलवर जाऊन आलो. पाऊस, चिखल, ओढे सगळं भरपूर मिळालं, त्यामुळे माझ्या नव्या शूजची खरी परीक्षा झाली म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही कारण मुद्दा या प्रकारच्या शूजचा आहे: वर नुसती जाळी, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) नाही, खाली साधारण ५ मिमीचे लग्ज (जमिनीत रुतणारे सोलचे दात) आणि वजनाला एकदम हलके.

निघताना भाऊजी म्हणाले, "अरे, जाळीचे शूज घालून जंगलात येतोयस? दहा मिनिटांत भिजशील." बरोबर बोलले, भिजलोच. पण पहिला ओढा गुडघाभर होता आणि तो ओलांडल्यावर माझ्या शूजमधलं पाणी वीस-पंचवीस पावलांत प्रत्येक पावलागणिक जाळीतून पचापचा बाहेर पडलं आणि पाय परत हलके झाले, आणि भाऊजींच्या घोट्यावरच्या वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरलं ते तिथेच राहिलं. जे पाणी आत येऊ देत नाही ते आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही ना. दिवसभरात तीन वेळा बसून त्यांनी बूट ओतले, मोजे पिळले.

आणि ओढे नसते तरी फार फरक पडला नसता असं मला वाटतं. मेम्ब्रेनमधून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या दमटपणात फरक असतो म्हणून. थंड कोरड्या हवेत ते छान चालतं, तिथे मी पण तेच बूट घालेन. पण उष्ण दमट जंगलात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, त्यात बुटाचं वरचं कापड भिजून बसलं की वाफ जाणार कुठे, मग पाय पावसाने नाही तर घामाने भिजतो. अशा ट्रेलवर पाय कोरडा ठेवायचा नादच सोडायचा, लवकर निथळेल एवढंच बघायचं.

ग्रिप चिखलात एक नंबर, चढावर कुठेच पाय मागे सरकला नाही. पण ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या दगडांवर नाही हां, तिथे लग्ज रुतायला काही मिळतच नाही. साल गेलेल्या एका गुळगुळीत मुळावर मी आडवा झालो, त्यानंतर प्रत्येक मूळ ओलांडूनच पाय टाकला. ताईच्या काठ्यांचा उतारावर आम्हा सगळ्यांनाच उपयोग झाला.

आता खटकलेल्या गोष्टी. जाळीतून बारीक वाळू आत येते, प्रत्येक ओढ्यात शूज खळबळून घ्यावे लागतात नाहीतर टाच सोलते. बोटांना संरक्षण कमी, घोट्याला आधार नाही, पाठीवर जड सॅक असेल तर विचार करून घ्या. आणि जळवा! बारीक जळू जाळीतून, मोज्याच्या विणीतूनसुद्धा शिरते. मला चार चावल्या, ताईने घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घातले होते, तिला एकही नाही. तेव्हा या शूजसोबत लीच सॉक्स हवेतच. जळू काढताना मीठ किंवा आग नको, ती पोटातलं परत जखमेत ओकू शकते, नख आडवं सरकवून तोंडाची पकड सोडवायची. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात म्हणून नंतर बराच वेळ रक्त येतं, घाबरू नका, दाबून धरा.

रात्री पाय पांढरे, सुरकुतलेले झाले होते. कोरड्या मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी वेगळी ठेवली होती, ती घातल्यावर जो जीवात जीव आला! सकाळी परत ओले मोजेच चढवायचे, नको वाटतं पण ती कोरडी जोडी वाचवायलाच हवी. मोजे कॉटनचे नकोत, पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. आतला सोल काढून ठेवला तर माझे शूज सकाळपर्यंत नुसते दमट उरले होते, भाऊजींचे अजून पाण्याने जड. साइज अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतात, आणि उतारावर लेस शेवटच्या भोकातून घेऊन टाच आवळून बांधा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत.

मित्राचं मात्र वाईट वाटलं. कपाटात कित्येक वर्षं जपून ठेवलेले चांगले जाड बूट, दुसऱ्या दिवशी उतरताना एकाचा सोल अख्खा निघून आला. पॉलियुरेथेनचा मिडसोल, म्हणजे सोलचा मधला मऊ थर, हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, न वापरता ठेवला तरी. सोल दोरीने बुटाला बांधून, आळीपाळीने त्याच्या पुढे-मागे राहून आम्ही सगळे हळूहळू उतरलो. तुमचे बूट जुने असतील तर निघायच्या आधी घरीच सोल वाकवून, अंगठ्याने दाबून बघा, भेग दिसली किंवा चुरा पडला तर अजिबात नेऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. डाव्या शूजला करंगळीपाशी जाळी थोडी उसवलीये, एक स्टार त्याचा कापला. अजून दोन-तीन ट्रेक झाले की किती टिकले ते लिहीन.